होडी, इंजिन आणि ओढायला माणसं

जुनी होडी बघायची ती मे महिन्यात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे मेच्या शेवटच्या पंधरवड्यात मालवणच्या किनाऱ्यावर एकेक होडी वर चढू लागते. पाण्यातल्या होडीचा रंग दिसतो, बूड दिसत नाही. वर काढलेली होडी कलती करता येते, तिच्याखाली बसून हात फिरवता येतो. शिवाय विकणाऱ्यालाही घाई तेव्हाच असते. एकदा झापांनी शाकारून ठेवली की पावसाळाभर पैसे अडकले, आणि श्रावणात पुन्हा पाण्यात टाकायची तर डागडुजी आणि रंग त्याच्याच बोकांडी. घेणाऱ्याची बाजूही सांगायला हवी. पैसे मेमध्ये मोजायचे आणि होडीत बसायचं नारळी पौर्णिमेनंतर.

मी एसटीच्या कणकवलीच्या कार्यशाळेत नोकरी केली. डिझेल इंजिन उघडून परत बांधायचं तर अजूनही हात आपोआप चालतात. होडीशी संबंध मात्र लहानपणी चुलत्यांबरोबर खाडीत गरवायला जात असे तेवढाच. निवृत्त होऊन मालवणजवळ गावी राहायला आल्यावर ती हौस पुन्हा उसळली. जाळी मारायची नव्हती, मासे विकायचे नव्हते. गरी, तंगूस, शीस आणि दोघा-तिघांपुरती होडी. किनारा नजरेआड होऊ द्यायचा नाही, खडपांच्या कडेला चार-पाच वाव पाण्यात नांगर टाकायचा. पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचं आणि दुपारचा वारा जोर धरायच्या आत घरी यायचं.

सर्जेकोटला माझे मेहुणे राहतात, बायकोचे थोरले भाऊ. सगळी हयात समुद्रावर गेलेला माणूस. त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी किती फुटी, लाकडी की फायबर, असलं काहीच विचारलं नाही. म्हणाले, "भावोजी, ठेवतल्यात खंय? आणि ओढतलो कोण?"

किनाऱ्यावर मोकळी वाळू दिसते म्हणून तिथे होडी नेऊन टेकवता येत नाही. कुठल्या वाडीच्या होड्या कुठे चढतात, रापणीची जाळी कुठे वाळत पडतात, कोणाच्या माडाखाली कोणाची होडी पावसाळा काढते, हे सगळं ठरलेलं असतं. कागदावर काही नसतं, पण ते मोडून कोणी तिथे टिकत नाही. खाडीत नांगरून ठेवावी म्हटलं तर बुडाला कालवं आणि शिंपले धरतात, आणि नजर ठेवायला माणूस लागतो. म्हणजे वापर झाला की वर ओढणं आलंच. त्याला चार माणसं लागतात, जातानाही आणि येतानाही. ही माणसं पैशाने मिळत नाहीत. तुम्ही त्यांच्या होडीला खांदा लावायचा, ते तुमच्या होडीला लावतात. रापणीत दोर ओढणाऱ्याला वाटा मिळतो, त्यातलाच हा प्रकार. मी नवखा, साठी ओलांडलेला आणि वाडीच्या हिशेबात अजून 'कणकवलीचा'. मेहुण्यांचं म्हणणं असं की आधी किती वजन ओढवेल ते ठरवा, मग फूट मोजा.

त्या एका प्रश्नाने अर्ध्याअधिक होड्या न बघताच गळाल्या. बावीस फुटी, आत डिझेल इंजिन बसवलेली एक चांगली होडी देवबागला स्वस्तात होती. ती ओढायला आठ माणसं. नको.

विकायच्या होड्यांचा तुटवडा मात्र नव्हता. पर्ससीन आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीने किनाऱ्यालगतचा मासा आटला, अशी तक्रार इथला प्रत्येक छोटा मच्छीमार करतो, आणि मला ती खरी वाटते. दुसरीकडे तारकर्ली-देवबागकडे पर्यटक वाढले. स्कूबाला माणसं न्यायची, किल्ल्याची फेरी मारायची, तर मोठी, छप्पर घातलेली बोट लागते. त्यामुळे घरातल्या तरुणाने बापाची सोळा-अठरा फुटी फायबर विकायला काढायची आणि कर्ज काढून मोठी घ्यायची, हे घरोघरी चाललंय.

पहिली बघितली ती लाकडी, उलांडी लावलेली. मेहुणे तिच्याभोवती बराच वेळ रेंगाळले. लाटेत उलांडीची होडी सहसा कलंडत नाही, आणि वल्ह्यांवर ती जशी चालते तशी फायबर चालत नाही, असं त्यांचं मत. पण फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून राळ भरणारा सुतार शोधायचा तर चार गावं फिरावी लागतात. तेही मान्य करून निघाले.

दुसरी अठरा फुटी फायबर, आकाशी रंग, ओला वाटावा इतका ताजा. मेहुण्यांनी तिला हातसुद्धा लावला नाही. मालकालाच विचारलं, "तौक्तेच्या टायमाक ही खंय होती?" 2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळ या किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा कितीतरी होड्या एकमेकींवर आणि जेटीवर आदळल्या होत्या. त्यातल्या काही भंगारात गेल्या, काही सांधून पुन्हा उभ्या राहिल्या. मालक म्हणाला, "माज्याकडे नंतर इली." मेहुण्यांनी खाली बसून उजव्या बाजूला, पाण्याच्या रेषेखाली बोट फिरवलं आणि माझं बोट धरून तिथे टेकवलं. रंगाखाली हातभर लांबीचा उंचवटा लागत होता. बाहेरून मॅट आणि रेझिन मारून सांधलेली जागा. सांधा असणं हा दोष नाही, फायबरचं तेच तर सोयीचं असतं. तो रंगाखाली झाकून न सांगणं मात्र मला आवडलं नाही. मालकाने पुढे काही सांगितलं तर ते खरं धरायचं की नाही, हा प्रश्न उरलाच.

घेतली ती होडी सोळा फुटी, वयाने दहा-बारा वर्षांची. रंग उडालेला, नाळेकडचा जेलकोट खडकाला घासून पांढरा पडलेला. विकणारा पंचविशीतला मुलगा, स्कूबाच्या बोटीवर कामाला. वडील वारल्यापासून होडी माडाखाली पडून होती. झापं दूर केली तर आत पावसाचं पाणी, माडाची पाती आणि एक कुत्री पिल्लं घेऊन.

पिल्लं हलवून झाल्यावर मेहुण्यांनी स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरला आणि त्याच्या लाकडी मुठीने नाळेपासून ठोकायला सुरुवात केली. वीतभर अंतरावर एकेक ठोका. भरीव, कोरडं फायबर टणटण वाजतं. थर सुटले असतील किंवा आत पाणी मुरलं असेल तर आवाज बसका येतो. बुडाचा बराचसा भाग टणटणीत होता. मधल्या फळीखाली एके ठिकाणी आवाज बदलला. त्यांनी तिथे कोळशाने खूण केली, पुन्हा चारी बाजूंनी ठोकलं आणि खूण वाढवत वाढवत ताटाएवढी केली. मुलगा म्हणाला, "थोडा पाणी घेता, बाकी काय एक नाय." मेहुणे काही बोलले नाहीत. ते मागे गेले.

मागची फळी म्हणजे जिथे इंजिन अडकवतात ती. सगळा जोर तिच्यावर येतो, आणि छोट्या फायबरची खरी दुखणी तिथेच असतात. बाहेरून-आतून फायबर दिसतं, पण मधे प्लायवूड असतं. इंजिनाचे स्क्रू, पाणी सोडायचं भोक, अशा वाटांनी खारं पाणी आत शिरतं आणि प्लाय आतल्या आत कुजतो. बाहेरून कळत नाही. इंजिन होडीवर नव्हतंच, म्हणून मी फळीच्या वरच्या कडेला धरून पूर्ण वजन टाकून झोका घेतला. फळी मागे झुकली आणि कोपऱ्यात, जिथे ती बाजूंना मिळते, तिथे केसाएवढी भेग उघडून पुन्हा मिटली. मुलाच्या परवानगीने आतल्या बाजूने बारीक भोक पाडलं. ड्रिलच्या पात्याला जे लागून आलं तो भुसा नव्हता. तपकिरी, ओला लगदा होता, वास कुजक्या सुंभाचा. खाली अजून एक भोक पाडलं, तिथेही तेच. वरच्या बाजूला मात्र कोरडं, फिकट लाकूड निघालं.

म्हणजे फळी बदलावी लागणार. मला वाटलं विषय संपला. मेहुण्यांना उलट आता होडी आवडू लागली होती. दोष कुठे आहे ते कळलं, तो कसा काढायचा ते माहीत आहे आणि त्याला किती पडतील तेही माहीत आहे, असं त्यांनी परत येताना रस्त्यात सांगितलं. ज्या होडीत काहीच सापडत नाही तिची त्यांना जास्त धास्ती. त्याआधी एक परीक्षा उरली होती, उचलण्याची. आत पाणी मुरलेली होडी दिसायला तेवढीच असते आणि वजनाला दीडपट. मेहुणे, मी, तो मुलगा आणि शेजारचा एकजण असे चौघे दोन बाजूंनी धरून पाच पावलं चाललो. दम लागला, पण गेली. आमचं माप ठरलं ते तिथे.

भावाची बोलणी मुलाच्या आईसमोर झाली. मुलगा होडीचे 70 हजार म्हणत होता, फायबरवाल्याकडून नवी करून घ्यायची तर दुपटीच्या वर जाईल हेही सुनावत होता. मेहुण्यांनी खिशातून त्या लगद्याची पुडी काढून ओटीवर ठेवली. घासाघीस फार झाली नाही, 46 हजारांवर आलं. माऊली तोवर गप्प होत्या. व्यवहार ठरल्यावर म्हणाल्या, "होडी न्हेवा. वल्ही मी देवचंय नाय." मुलगा म्हणाला, आई, वल्ह्यांचं तू काय करतलंस? त्यांनी उत्तर दिलं नाही, आत जाऊन चहा टाकला. वल्ही पडवीत आढ्याला बांधलेली होती, मूठ झिजून गुळगुळीत झालेली. आम्ही नवी करून घेतली.

इंजिन त्याच मुलाकडे होतं, पण ते माझ्या खात्यातलं. मेहुण्यांनी सुरुवातीलाच वाटणी करून टाकली होती, "इंजिनाचा तुमी बघा, बुडाचा मी बघतंय." आउटबोर्ड इंजिन उघडं बघितलं की मला आधी हसू येतं. एसटीच्या इंजिनापुढे खेळणं. पण त्याचे शत्रू वेगळे. एसटीचं इंजिन धूळ आणि ओव्हरलोडने मरतं, हे मिठाने मरतं. मुलाच्या इंजिनाचं वरचं झाकण काढलं तर आत पांढरे पापुद्रे. खालच्या पायाचा स्क्रू ढिला करून गिअर ऑइलचे चार थेंब बोटावर घेतले, ते दुधाच्या चहासारखे. पाणी शिरलेलं. सील गेलं आणि ते किती दिवस तसंच चालवलं हे देवाला ठाऊक. शिवाय ते वर्षानुवर्षं रॉकेलवर चाललेलं. पेट्रोलवर सुरू करायचं आणि मग रॉकेलवर टाकायचं ही इथली जुनी रीत. त्याने खर्च वाचतो आणि आत काजळी धरते. रेशनचं रॉकेल दुर्मीळ झाल्यापासून लोक नाइलाजाने पेट्रोलवर आले. ते इंजिन मी भंगाराच्या भावातही घेतलं नसतं.

दुसरं शोधलं, आठ अश्वशक्तीचं, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरचं. एकट्याने खांद्यावर घरापर्यंत नेता येईल इतक्या वजनाचं, कारण इंजिन किनाऱ्यावर सोडून कोणी झोपत नाही. आधी शाफ्टची लांबी मोजली. पंधरा इंची आणि वीस इंची अशा दोन लांब्या सर्रास मिळतात, आणि फळीच्या उंचीशी ती जुळली नाही तर पंखा एकतर हवा मारतो नाहीतर खडपाला लागतो. मग दोनशे लिटरचं पिंप पाण्याने भरून त्यात पाय बुडवून इंजिन चालवलं. आल्याबरोबर मी झाकणाला हात लावून ते थंड असल्याची खात्री करून घेतली होती. विकणारे पाहुणा यायच्या आधी एकदा चालवून गरम करून ठेवतात, थंड इंजिन किती दोऱ्या ओढल्यावर पकडतं तेच तर बघायचं असतं. मागून थंडाव्याच्या पाण्याची धार पडत होती, पण बारीक. तो आतल्या रबरी पंख्याचा दोष, किरकोळ. प्लग काढून कार्यशाळेतल्या जुन्या सोबत्याकडून आणलेला कॉम्प्रेशन गेज लावला. आकडा किती येतो यापेक्षा दोन्ही सिलिंडरांत फरक किती हे बघायचं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर पुढे बोलायचं. आत होता. गिअर ऑइल काळं, पण पाणी नाही. जस्ताचा तुकडा जवळजवळ खाऊन संपलेला. तो संपलेला असणं चांगलंच, त्याने स्वतः गंजून इंजिनाचा पाय वाचवला. जिथे जस्त नवंकोरं आणि पाय खड्डे पडलेला, तिथे काहीतरी गडबड.

कागदांनी मात्र जीव खाल्ला. होडी लहान असो, मोठी असो, बाजूवर नंबर हवा, नोंदणी हवी, मासेमारीचा परवाना हवा. 26 नोव्हेंबर 2008ला मुंबईवर हल्ला करणारे पळवलेल्या मच्छीमार नौकेतून आले, तेव्हापासून ही तपासणी कडक झाली आणि ते योग्यही आहे. आता नोंदणी रियलक्राफ्ट या सरकारी पोर्टलवर असते. आमच्या होडीचा नंबर पुसट का होईना बाजूला होता आणि पोर्टलवरही होता, पण वडिलांच्या नावावर. वडील नाहीत म्हणजे वारस आले. आई, हा मुलगा आणि मुंबईला दिलेली बहीण. शिवाय सोसायटीचं जुनं कर्ज, त्याचा बोजा. म्हणजे आधी कर्जफेड, मग सोसायटीचा ना-हरकत दाखला, बहिणीची संमती, स्टँपपेपरवर खरेदीखत, आणि मग नाव बदलायचा अर्ज. जून उजाडायला आठवडा राहिला होता. शेवटी इसार म्हणून 10 हजार दिले, सोसायटीची बाकी उरलेल्या रकमेतून परस्पर भरली, आणि बाकीचे नाव बदलल्यावर, असं लिहून घेतलं. एका कार्यालयात माझी फाइल पावसाळाभर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली. तिथल्या कारकुनाला मी होडी पर्यटनासाठी घेतोय अशी शंका होती. या वयात गरवायला कोण जातं, असं त्याने तोंडावर विचारलं.

पावसात फळी बदलून झाली. फायबरवाल्याने आतला थर कापून कुजका प्लाय खरवडून काढला, नवा मरीन प्लाय बसवला आणि वरून मॅटचे थर दिले. हवा दमट असली की रेझिन नीट धरत नाही, म्हणून उघडीप बघून काम, त्यामुळे महिना लागला. मधल्या फळीखालचा तो ताटाएवढा भागही कापला. खाली भरलेला फोम पिळला तर पाणी गळत होतं. तो टाकून दिल्यावर होडी चांगलीच हलकी झाली.

नारळी पौर्णिमा झाली, तीन नंबरचा बावटा उतरला, तरी मेहुणे आठवडाभर थांबले. खाडीच्या तोंडावर वाळूचा बांध कुठे सरकलाय ते पावसाळ्यानंतर दरवर्षी नव्याने बघावं लागतं. तिथे लाट फुटते, आणि छोट्या होड्या उलटतात त्या बहुधा तिथेच, बाहेरच्या समुद्रात नाही. वेळ काढायला त्यांना मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ. अष्टमी म्हणजे सहा. भांगाचं पाणी, ओढ कमी, नवख्यासाठी बरं. लाइफ जॅकेट मी दोघांसाठी घेतलं होतं. मेहुण्यांनी ते बसायला घेतलं, मग मी होडी सोडायलाच तयार होईना तेव्हा घातलं.

गरीला पेडव्याचे तुकडे आणि कोळंबी. वाळूवर मुडदुशी लागल्या, खडपाशी सरकल्यावर मला एक तांबोशी. तंगूस बोटात रुतून रक्त आलं आणि ते मला मासा वर आल्यावर दिसलं. मेहुण्यांच्या गरीला ओळीने शेंगाळे, त्यांनी काटे सांभाळत एकेक सोडवला आणि शिव्या देत पाण्यात टाकला. इंजिन एकदाही कुरकुरलं नाही. फळीच्या कोपऱ्यावर माझं सारखं लक्ष, भेग काही उघडली नाही.

किनाऱ्यावर चौघे आले, होडी ओढली, मासे वाटले. घरी दोन मुडदुशी आणि ती तांबोशी आली. पेट्रोल, तेल आणि आमिषाचा हिशेब बायकोने विचारला नाही, पण बाजारातला मुडदुशीचा भाव तिला पाठ आहे हे मला माहीत होतं.

ओढण्याचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जात नव्हता. चौघे येतात, पण चौघांच्या चार वेळा. म्हणून मी शेडमधल्या जुन्या पाइपांचा गाडा वेल्ड केला. साधी चाकं वाळूत रुततात, तेव्हा भंगारवाल्याकडून रुंद टायर आणले आणि हवा कमी ठेवली. बेअरिंगला मीठ लागू नये म्हणून तिथे लाकडी गुटके घालून ग्रीस भरलं. पुढून दोरी, मागून एकाने धरायचं. मेहुणे आणि मी दोघांनी होडी वर नेली तेव्हा वाडीतली पोरं बघत उभी होती. दुसऱ्या दिवशी गाडा एका शेजाऱ्याने नेला, त्याच्याकडून दुसऱ्याने. आता मला 'कणकवलीचा' कोणी म्हणत नाही, गाडेवाले म्हणतात. आणि पहाटे मला होडी काढायची असते तेव्हा गाडा कोणाच्या तरी अठरा फुटीखाली असतो. दुसरा बनवायला घेतलाय, तसे टायर कणकवलीत कुठे मिळतात का ते बघतोय.